बागेतल्या साळुंकीच्या डोक्यावर पांढरी पिसं: अल्बिनो की आणखी काही?

निरगुडी
गेले आठ दिवस बागेत येणाऱ्या साळुंक्यांपैकी एकीच्या काळ्या डोक्यावर पांढरी पिसं दिसताहेत. कपाळावर एक ठळक ठिपका, डाव्या गालावर विखुरलेली पाच-सहा पिसं आणि उजव्या पंखाच्या टोकाकडची दोन लांब पिसं पूर्ण पांढरी. पक्षी प्रौढ आहे, उडतो व्यवस्थित, जोडीदारही सोबत असतो.

प्रश्न तीन आहेत. याला अल्बिनो म्हणायचं का? आजारामुळे असं होतं का? आणि नोंद करायची तर नेमकं काय काय टिपायचं?

शेवरी
हा अंशतः अल्बिनो. पक्ष्यांवरच्या जुन्या पुस्तकांत हाच शब्द आहे. सगळा पांढरा असेल तर पूर्ण, थोडा पांढरा असेल तर अंशतः.

दुर्बीणवाला
शेवरी, जुन्या पुस्तकांत तो शब्द आहे हे खरं, पण तो आता सोडायला हवा, कारण 'अंशतः अल्बिनो' असं काही असूच शकत नाही.

पिसांचा काळा, तपकिरी, राखाडी रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. मेलॅनिन बनवायला टायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) लागतं. अल्बिनो पक्ष्याच्या शरीरात रंगपेशी जागच्या जागी असतात, पण जनुकातल्या दोषामुळे हे विकर कामच करत नाही. तो दोष शरीरातल्या एकूण एक पेशीत असतो. मग डोकं पांढरं आणि पाठ तपकिरी असं होणार कसं? विकर नाही म्हणजे कुठेच नाही. पिसांत नाही, कातडीत नाही, डोळ्यांतही नाही. म्हणून डोळ्यांतून आतल्या रक्ताचा लाल-गुलाबी रंग दिसतो.

तुमच्या साळुंकीत बाकी अंग नेहमीच्या रंगाचं आहे, म्हणजे विकर शाबूत आहे. अल्बिनो हा शब्द तिथेच बाद.

दुसरी गोष्ट अशी की प्रौढ अल्बिनो पक्षी रानात दिसणं फार दुर्मीळ. डोळ्यांत मेलॅनिन नसल्याने उजेड सहन होत नाही आणि अंतराचा अंदाज येत नाही. घरट्यात आईबाप भरवतात तोवर पिल्लू तगतं, उडायला लागलं की लवकरच संपतं. बागेत वर्षभर सुखाने वावरणारा पांढरा पक्षी बहुधा अल्बिनो नसतोच.

कवडसा
निरगुडी, साळुंकीच्या डोळ्यांबाबत एक सावधगिरी. तिची बुबुळं मुळातच तपकिरी-लालसर असतात. त्यामुळे 'डोळे लाल आहेत का' हे बुबुळ बघून ठरवू नका, मधली बाहुली बघा. बाहुली काळी असेल तर अल्बिनो नाही. फ्लॅश लावून काढलेल्या फोटोवरून तर डोळ्यांबद्दल काहीच ठरवू नका, फ्लॅशमुळे निरोगी डोळाही लाल येऊ शकतो.

आणखी एक, साळुंकीच्या पंखात पांढरा पट्टा असतोच. उड्डाणपिसांच्या बुडाशी असतो, बसलेली असताना जेमतेम दिसतो आणि उडाली की लखकन दिसतो. शेपटीची टोकं आणि शेपटीखालचा भागही पांढरा असतो. तुम्ही म्हणता ती दोन पिसं बुडापासून टोकापर्यंत पांढरी आहेत की नेहमीचाच पट्टा दिसतोय, हे एकदा तपासा.

निरगुडी
बाहुली काळी आहे. दोन पिसं टोकापर्यंत पांढरी आहेत, पट्ट्याच्या पलीकडे. डाव्या पंखात तसं काही नाही.

तांबट७
मग ल्युसिझम. विषय संपला.

दुर्बीणवाला
तांबट, विषय इथूनच सुरू होतो. पांढऱ्या पिसांना सरसकट ल्युसिझम म्हणायची सवय लागली आहे. पूर्वी सरसकट अल्बिनो म्हणायचे, तोच प्रकार आता नव्या शब्दाने चाललाय. ब्रिटनमध्ये ट्रिंग इथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या पक्षीसंग्रहाचे क्युरेटर हाइन व्हॅन ग्राऊ यांनी रंगदोषांची शिस्तशीर वर्गवारी केली आहे. अनेक जातींत पांढऱ्या पिसांचं सगळ्यात नेहमीचं कारण ल्युसिझम नसून 'प्रोग्रेसिव्ह ग्रेइंग' आहे, असं त्यांचं म्हणणं आहे. फरक असा:

ल्युसिझममध्ये रंगपेशी त्या भागापर्यंत पोचलेल्याच नसतात. गर्भ वाढत असताना या पेशी पाठीच्या कण्याच्या रेषेवरून निघून शरीरभर पसरतात. वाटेत कमी पडल्या तर सर्वांत लांबची ठिकाणं कोरडी राहतात, म्हणजे चेहरा, पंखांची टोकं, पोट, पाय. त्यामुळे पांढरे भाग बऱ्याचदा दोन्ही बाजूंना साधारण सारखे येतात, जन्मापासून असतात आणि आयुष्यभर तेवढेच राहतात.

ग्रेइंगमध्ये पक्षी अगदी नेहमीच्या रंगाचा जन्मतो. पुढे रंगपेशी हळूहळू निकामी होत जातात. दर वर्षी पिसं बदलली की आणखी काही पांढरी येतात. सुरुवातीला विखुरलेली, इकडे एक तिकडे दोन, दोन्ही बाजूंना सारखी असतीलच असं नाही. चिमण्यांत हे खूप दिसतं.

निरगुडींचं वर्णन वाचा. डाव्या गालावर विखुरलेली पिसं, उजव्याच पंखात दोन. माझा कल ग्रेइंगकडे आहे.

पाणलव्हा
म्हणजे साळुंकीची पिसं पिकली म्हणायची!

दुर्बीणवाला
अगदी तसंच. इतका नेमका शब्द मला सुचला नव्हता. यापुढे मी 'पिसं पिकणं' असंच म्हणणार. फक्त एक लक्षात ठेवायचं, पिकणं म्हणजे म्हातारपण असं इथे नाही. कारण आनुवंशिक असू शकतं आणि पक्षी चांगला तरुण असू शकतो. माणसांतल्या कोडाशी त्याची तुलना जास्त जुळते. तिथेही रंगपेशी नंतर निकामी होतात.

उंबरठा
मला हे पटलं तरी पुरेसं वाटत नाही. एकाच पंखात दोन पांढरी पिसं हे जखमेचं लक्षणही असू शकतं. मांजराने धरलं, तारेत पंख अडकला आणि पिसाच्या मुळाशी इजा झाली, तर त्या मुळातून पुढचं पीस पांढरं येऊ शकतं. उपटलं गेलेलं पीस वार्षिक पीसबदलाची वाट बघत नाही, काही आठवड्यांत नवं उगवतं. त्यामुळे एका बाजूला, एकमेकांना लागून, मोजकी पांढरी पिसं दिसली की आधी इजेचा विचार करावा.

दुर्बीणवाला
मुद्दा बरोबर आहे. पण कपाळ आणि गालही आहेत ना? तिन्ही ठिकाणी वेगवेगळी इजा मानावी लागेल.

उंबरठा
साळुंक्या भांडतात तेव्हा एकमेकींना पायांत धरून जमिनीवर लोळवतात आणि डोक्यावर चोची मारतात. त्यामुळे डोकं आणि पंख दोन्हीकडे इजा होणं अशक्य नाही. तुमचा अंदाज चूक आहे असं म्हणत नाही. आजच्या घडीला दोन्ही शक्यता उघड्या ठेवाव्यात एवढंच.

शेवरी
अंशतः अल्बिनो हा शब्द मागे घेते. विकराचं स्पष्टीकरण वाचल्यावर तो टिकत नाही. पण मग अंगभर पांढरा आणि डोळे काळे असा पक्षी दिसला तर? तिथे ल्युसिझम की पूर्ण पिकलेला, कसं ओळखायचं?

दुर्बीणवाला
एकदाच बघून ओळखता येत नाही. पिल्लू असताना पांढरं होतं हे माहीत असेल तर ल्युसिझम. मधल्या वर्षांचे फोटो असतील आणि त्यांत पांढरं वाढत गेलं असेल तर पिकणं. काहीच माहिती नसेल तर नोंदीत 'अंग पूर्ण पांढरं, डोळे काळे' एवढंच लिहावं, नाव देऊ नये. वर्णन कधी जुनं होत नाही, नाव चुकलेलं असू शकतं.

मध्यान्ह
चोच आणि पाय यांच्याकडे कुणी लक्ष वेधलं नाही म्हणून लिहितो. पक्ष्यांचे पिवळे, केशरी, लाल रंग बहुतेक वेळा कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांमुळे येतात आणि त्यांचा मेलॅनिनशी संबंध नाही. म्हणून मेलॅनिन गेलं तरी हे रंग राहतात. साळुंकी पूर्ण पांढरी झाली तरी चोच, पाय आणि डोळ्यामागची उघडी कातडी पिवळीच राहते. लालबुड्या बुलबुल पांढरा झाला तरी शेपटीखालचा लाल डाग कायम असतो. 'हा कुठला नवीनच पक्षी' असा प्रश्न पडला की जात ओळखायची हीच खूण. रंग गेला तरी आकार, चोच, चाल, आवाज आणि कॅरोटिनॉइडचे भाग जात नाहीत.

कॅरोटिनॉइड पक्ष्याला स्वतः बनवता येत नाही, ते अन्नातून घ्यावं लागतं. त्यामुळे तिथे खाण्याने रंग बदलू शकतो. याचं फार सुंदर उदाहरण उत्तर अमेरिकेतल्या सीडर वॅक्सविंग या पक्ष्याचं. त्याच्या शेपटीचं टोक पिवळं असतं. १९६० च्या दशकापासून केशरी टोकाचे पक्षी दिसू लागले. बाहेरून आणून लावलेल्या एका हनीसकल झुडपाच्या फळांत ऱ्होडोझँथिन नावाचा लाल रंग असतो. शेपटीचं पीस वाढत असताना पक्ष्याने ती फळं खाल्ली की टोक केशरी येतं. पीस पूर्ण वाढल्यावर खाल्ली तर काही फरक पडत नाही, कारण पूर्ण वाढलेलं पीस निर्जीव असतं. त्यात नंतर आतून रंग भरता येत नाही.

पाणलव्हा
मग पिवळ्या पोपटाचं काय? पपई-आंबे खाऊन पिवळा झाला असं म्हणतात.

मध्यान्ह
पोपटांत ते लागू नाही. पोपटांचे पिवळे-लाल रंग सिटॅकोफल्विन नावाच्या वेगळ्या रंगद्रव्यांचे असतात आणि ती पोपट स्वतःच्या पिसांतच तयार करतो. खाण्याने तो पिवळा होत नाही.

पोपटाचा हिरवा रंग कसा बनतो ते बघा. पिसाच्या आत केराटिनची स्पंजासारखी सूक्ष्म रचना असते, तिच्यावरून प्रकाश परततो तो निळा. त्या रचनेखाली मेलॅनिनचा काळा थर असतो, तो बाकीचा प्रकाश शोषून घेतो म्हणून निळा उठून दिसतो. वरच्या थरात पिवळं सिटॅकोफल्विन असतं. निळा आणि पिवळा मिळून हिरवा. आता एकेक वजा करा. मेलॅनिन गेलं की निळा फिका पडून नाहीसा होतो, उरतो पिवळा. सिटॅकोफल्विन गेलं की उरतो निळा. दोन्ही गेली की पांढरा. एका हिरव्या पक्ष्यापासून तीन रंग.

पिवळ्याची आनुवंशिकता लिंगाशी जोडलेली आहे, निळ्याची नाही. हे पुढे कुणी विचारलं तर सांगतो.

कवडसा
पिवळा किंवा निळा पोपट बागेत आला तर आधी तो पिंजऱ्यातून सुटलेला नाही ना ते बघा. पायात कडी आहे का? शेपटीची टोकं झिजलेली, तुटकी आहेत का? पिंजऱ्याच्या तारांवर घासून तशी होतात. माणसाजवळ यायला घाबरत नाही का? थव्यात मिसळतो की एकटाच भांबावलेला असतो? सुटलेला पक्षी असेल तर नोंद करतानाही तसं लिहावं लागतं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर 'वन्य नाही' अशी खूण करायची सोय आहे.

आभाळवेल
प्रदूषणामुळे, मोबाईल टॉवरमुळे असे पक्षी वाढलेत असं सगळीकडे फिरत असतं. त्यात तथ्य आहे का?

दुर्बीणवाला
टॉवरचा विषय सोडा. एकोणिसाव्या शतकातले पांढरे, तपकिरी, काळवंडलेले पक्षी संग्रहालयांच्या खणांत ठेवलेले आहेत, तेव्हा टॉवर कुठे होते? आज जास्त दिसतात कारण प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे आणि असा पक्षी दिसला की फोटो लगेच पसरतो. साध्या साळुंकीचा फोटो कोण पाठवतं?

किरणोत्साराचं मात्र वेगळं आहे. १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर तिथल्या माळभिंगऱ्यांमध्ये पांढऱ्या पिसांचं प्रमाण वाढलेलं संशोधकांनी नोंदवलं आहे. पण त्यावरून प्रत्येक बागेतल्या पक्ष्याला प्रदूषणाचा बळी ठरवता येत नाही.

उंबरठा
आहाराचा परिणाम मात्र खरोखर दिसतो, विशेषतः कावळ्यांत. वस्तीतल्या तरुण कावळ्यांच्या उड्डाणपिसांत पांढरट-राखी पट्टे असतात, उडताना पंखात खिडकी असल्यासारखे वाटतात. पिल्लूपणी पीस वाढत असताना प्रथिनं कमी पडली की असं होतं. पिल्लाला किडे-मांसाऐवजी पावाचे तुकडे जास्त मिळाले की हीच गत. ओळखायच्या खुणा: पट्टे दोन्ही पंखांत साधारण सारखे, पांढरा रंग स्वच्छ नसून मळकट, आणि त्या जागी पीस कमकुवत, झिजलेलं, प्रसंगी तुटलेलं. खाणं सुधारलं तर पुढच्या पीसबदलात तोच कावळा काळाभोर होतो. जनुकीय दोषात असं परतणं नाही.

निरगुडींच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. आजारामुळे किंवा कुपोषणामुळे पांढरी पिसं येऊ शकतात, पण तुमचा पक्षी प्रौढ, चपळ, जोडीने राहणारा आहे. डोळे चिकटलेले, अंग फुगवून बसणं, श्वास घेताना शेपटी वरखाली होणं यातलं काही नसेल तर आजाराची काळजी नको.

तांबट७
टक्कल पडलेल्या साळुंकीचं काय? डोकं पूर्ण पिवळं दिसतं, छोटं गिधाडच जणू.

उंबरठा
तो रंगदोषच नाही. डोक्याची पिसं गेली की साळुंकीची पिवळी कातडी उघडी पडते. डोक्याची पिसं एकदम झडली किंवा पिसांत माइट (बारीक परजीवी) झाले की असं होतं. पिसं पुन्हा आली की डोकं काळं.

शेवरी
कावळा पांढरा नाही, काळाही नाही, दूध घातलेल्या कॉफीसारखा. हा कुठल्या खणात?

मध्यान्ह
'ब्राऊन' या खणात बसण्याची शक्यता मोठी. यात मेलॅनिन तयार होतं, प्रमाणही पुरेसं असतं, पण ते पूर्ण पक्व होत नाही. जे काळं व्हायला हवं ते तपकिरीच राहतं. असं अर्धपक्व मेलॅनिन उन्हाने फार लवकर विटतं. नवं पीस गडद कॉफीच्या रंगाचं येतं आणि वर्षाच्या शेवटी दुधाळ दिसतं. म्हणून पंख उघडल्यावर बघा: एकमेकांखाली झाकलेला भाग गडद आणि उघडा भाग फिका असेल तर उन्हाने विटणं नक्की.

हा दोष लिंगाशी जोडलेला आणि अप्रभावी आहे. पक्ष्यांत नराची गुणसूत्रं झेड-झेड आणि मादीची झेड-डब्ल्यू. दोषाचं जनुक झेडवर असतं. मादीला एकच झेड, त्यामुळे दोषाची एक प्रत आली की रंग दिसतो. नराला दोन्ही प्रती दोषाच्या लागतात. बाप वाहक (दोषाची एकच प्रत असलेला) आणि आई नेहमीची असेल तर सरासरीने निम्म्या मुली तपकिरी, मुलगा एकही नाही. म्हणून रानात दिसणारा असा कावळा जवळपास नेहमी मादीच असतो. नर-मादी सारखे दिसणाऱ्या पक्ष्यात नुसत्या रंगावरून लिंग सांगता येतं, ही मला फार विलक्षण गोष्ट वाटते.

'इनो' म्हणून आणखी एक प्रकार आहे. तोही लिंगाशी जोडलेला. त्यात मेलॅनिन इतकं कमी पक्व होतं की जुनी पिसं जवळजवळ पांढरी दिसतात. रानातल्या 'अल्बिनो' म्हणून फिरणाऱ्या कित्येक फोटोंत खरं तर इनो असतो. दृष्टीही बहुधा अल्बिनोपेक्षा बरी असते म्हणून तो प्रौढ होईपर्यंत जगतो. पोपटाचा पिवळा प्रकारही याच गटातला.

आभाळवेल
मराठीत यांना नावं हवीत. ब्राऊनला 'अर्धपक्व' म्हणता येईल का?

पाणलव्हा
एक पिकलेला, एक अर्धपक्व. पक्षी नव्हे, आमराईच झाली ही!

कवडसा
रंगाचा दोष नसून नुसता डाग असण्याची शक्यताही धाग्यात यायला हवी. फुलांतला मध खाणाऱ्या पक्ष्यांच्या कपाळावर परागकण साचतात. सूर्यपक्षी, चष्मेवाला, शिंपी यांचं कपाळ पिवळं-केशरी दिसतं आणि माणूस पुस्तकात नवी जात शोधत बसतो. डाग ओळखायचा असा: पिसांच्या नैसर्गिक हद्दी पाळत नाही, चोचीवर आणि नखांवरही असतो, पिसं चिकटून टोकदार झालेली असतात, आणि आंघोळीनंतर फिका होतो. काही संशोधकही ओळखीसाठी पक्ष्यांना मुद्दाम रंग लावतात. पाणथळीच्या पक्ष्यांना पिक्रिक आम्लाने पिवळं करतात. सोबत पायात कडी असेल तर तिचा क्रमांक आणि रंगांचा क्रम टिपावा.

तेल किंवा ऑइलपेंट लागलेला पक्षी असेल तर स्वतः धुऊ नका. साबण आणि गार पाणी यांनी तो गारठतो आणि घाबरूनच मरतो. हवेची भोकं असलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवून वन्यजीव बचाव करणाऱ्यांकडे द्या. चोचीत पाणी ओतू नका.

तांबट७
अर्धा नर अर्धी मादी असाही पक्षी असतो ना? चिमण्यांत दिसेल का?

मध्यान्ह
असतो. त्याला गायनँड्रोमॉर्फ म्हणतात. शरीराच्या मधोमध रेघ मारल्यासारखी एक बाजू नराच्या रंगाची, दुसरी मादीच्या. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात २०१९ मध्ये असा कार्डिनल दिसला होता, एक बाजू लाल आणि एक बदामी. नर-मादी वेगळे दिसतात त्या जातींतच हे डोळ्यांना कळतं, म्हणून चिमणीत कळेल, साळुंकीत कळणार नाही. इथे मेलॅनिनचा दोष नसतो. दोन्ही बाजूंचे रंग आपापल्या जागी बरोबर असतात.

निरगुडी
इतकं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. आता तिसरा प्रश्न. फोटो काढतेय पण पांढरी पिसं नुसती चमकतात, तपशील काही दिसत नाही.

कवडसा
गडद पक्ष्यावर छोटा पांढरा भाग असला की कॅमेरा गडद भागाकडे बघून जास्त उजेड घेतो आणि पांढरं जळतं. एक्स्पोजर उणे ०.७ ते उणे १ करा. फोनमध्ये पक्ष्यावर बोट ठेवून सूर्याची खूण खाली ओढा. पक्षी पूर्ण पांढरा असेल आणि चौकट त्यानेच भरली असेल तर उलट करायचं, अधिक ०.७ च्या आसपास, नाहीतर तो राखाडी येतो. सकाळचं कोवळं ऊन आपल्या पाठीमागून घ्या. झाडाखालच्या उजेडात पांढरं हिरवट किंवा निळसर दिसतं आणि मग लोक 'निळसर झाक' असं नोंदीत लिहितात. त्याच चौकटीत नेहमीची साळुंकी आली तर फार उत्तम, रंगाची तुलना आपोआप होते.

हे फोटो हवेत: डावी बाजू, उजवी बाजू, समोरून डोकं, डोळा जवळून, पाय, आणि उडताना दोन्ही पंख. उडतानाच्या फोटोला शटर १/१००० किंवा वेगवान ठेवा आणि एकापाठोपाठ दहा-बारा घ्या. त्यांतला एक तरी लागतो.

दुर्बीणवाला
फोटोंबरोबर एक नकाशा करा. कागदावर साळुंकीची दोन रेखाचित्रं काढा, डावी आणि उजवी. डोक्याचे कपाळ, टाळू, गाल, गळा, मान असे भाग पाडा. पंखाची लांब पिसं बाहेरच्या कडेकडून आत मोजा आणि 'उजवा पंख, बाहेरून तिसरं आणि चौथं, पूर्ण पांढरं' असं लिहा. 'पंखात पांढरं आहे' या वाक्याचा पुढच्या वर्षी काही उपयोग नाही, पिसाच्या क्रमांकाचा आहे.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद नेहमीच्या साळुंकीचीच करायची, वेगळी जात शोधायची नाही. त्या जातीच्या टिप्पणीत वर्णन लिहायचं आणि फोटो जोडायचे.

आभाळवेल
नेमकं ठिकाण मात्र कुठेही टाकू नका. असा पक्षी म्हटलं की माणसं गर्दी करतात, पकडणारेही येतात.

दुर्बीणवाला
साळुंकीच्या बाबतीत मी इतकं कडक राहणार नाही. ठिकाण अगदीच गुलदस्त्यात ठेवलं तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी पाहिलेला पक्षी हाच का, ते जुळवता येत नाही.

आभाळवेल
मग आयनॅचरलिस्टवर 'अस्पष्ट' हा पर्याय घ्यावा. लोकांना ठिकाण ०.२ अंशांच्या चौकोनात कुठेतरी दिसतं, नेमका बिंदू तुमच्या खात्यात जपलेला राहतो. घरट्याचा फोटो मात्र पिल्लं उडून जाईपर्यंत टाकूच नये, यावर मी ठाम आहे.

दुर्बीणवाला
घरट्याबाबत शंभर टक्के सहमत.

शेवरी
तिच्यासाठी वेगळं काही खाऊ-पाणी ठेवावं का? बाकीच्या तिला मारतात असं ऐकलं आहे.

उंबरठा
वेगळं काही नको. अशा पक्ष्यांना कधी कधी थव्यातले हुसकतात, पण नेहमीच्या रंगाच्या जोडीदाराबरोबर पिल्लं वाढवणारेही पुष्कळ असतात. साळुंक्या एरवीही भांडतात, प्रत्येक भांडणाचा संबंध रंगाशी लावू नये.

खरी अडचण दोन ठिकाणी. मेलॅनिनमुळे पीस चिवट होतं, म्हणून पांढरं पीस टोकाशी लवकर झिजतं. कित्येक कुरवांच्या पंखांची टोकं काळी असण्यामागे हाच फायदा आहे. आणि जास्त पांढरा पक्षी शिकाऱ्याला लांबून दिसतो. म्हणून पाण्याचं भांडं झुडपापासून साधारण दोन मीटरवर ठेवा. त्याहून जवळ ठेवलं तर मांजर दबा धरतं, फार लांब ठेवलं तर ससाणा आल्यावर पक्ष्याला आडोसा मिळत नाही. भांड्यातलं पाणी रोज बदला, आठवड्यातून एकदा घासून पूर्ण वाळू द्या.

निरगुडी
नकाशा केला. कपाळ: सात पिसं. डावा गाल: सहा. उजवा गाल: शून्य. उजवा पंख: बाहेरून तिसरं, चौथं. डावा पंख: काही नाही.

दुर्बीणवाला
आता विणीचा हंगाम संपून पिसं बदलेपर्यंत थांबा. साळुंकी वर्षातून एकदा, विणीनंतर, सगळी पिसं बदलते. उड्डाणपिसं एकेक करून गळतात आणि येतात, त्यामुळे दोन-तीन महिने जातात. मधल्या काळात पंखात फट दिसेल, घाबरू नका. नवी पिसं चकचकीत आणि कडा साबूत असलेली दिसली की पुन्हा मोजा. आकडा तोच राहिला तर ल्युसिझम किंवा उंबरठा म्हणतात ती इजा. वाढला तर पिकणं. इजेच्या जागी काळं पीस परत आलं तर उंबरठा बरोबर.

निरगुडी (पाच महिन्यांनी)
धागा वर काढते. पक्षी तोच आहे, कपाळावरच्या ठिपक्याचा आकार ओळखीचा. पिसं बदलून झाली, कडा साबूत आहेत. कपाळ: अकरा. डावा गाल: नऊ. उजवा गाल: तीन, आधी एकही नव्हतं. उजवा पंख: बाहेरून तिसरं, चौथं आणि आता सहावंही. डावा पंख: बाहेरून दुसरं पांढरं. बाहुली काळी, चोच-पाय पिवळे. दोन्ही बाजूंचे फोटो जोडले आहेत.

उंबरठा
उजवा गाल आणि डावा पंख नव्याने आले म्हणजे इजेचा मुद्दा मी सोडतो. पिकणंच आहे.

दुर्बीणवाला
दोन पीसबदलांमधला पिसांच्या क्रमांकासकट नकाशा फार कमी जणांकडे असतो, ही नोंद मोलाची आहे. ईबर्डच्या जुन्या यादीतल्या टिप्पणीत 'ल्युसिस्टिक' लिहिलं असेल तर ते दुरुस्त करा आणि नव्या यादीत मागच्या नोंदीचा उल्लेख करा.

निरगुडी
जुन्या टिप्पणीत नाव दिलंच नव्हतं, तुमचं ऐकून फक्त वर्णन लिहिलं होतं. नव्या यादीत दोन्ही नकाशे जोडतेय. यंदा तिची तीन पिल्लं उडाली, तिन्ही नेहमीच्या रंगाची. त्यांच्या डोक्यांचेही फोटो घेऊन ठेवलेत, पहिल्या पीसबदलानंतर बघायला.